उभ्या रेघा

तेजस्विनी गायधनीला आपल्या कॉलेजातल्या एकूण एक गोष्टीची किळस यायची, आणि ती लपवायची तसदी तिनं दोन वर्षांत एकदाही घेतली नव्हती. म्हसरूळच्या पुढे, दोन द्राक्षबागांच्या मधे दामटून बसवलेली तीन मजली इमारत. लॅबमध्ये तीस संगणक, त्यातले चालू अकरा. बाकीच्यांवर फुलाफुलांचं कापड घातलेलं. तेजस्विनीनं हिंजवडीत सात वर्षं काढलेली. एके सकाळी कंपनीनं एका ईमेलवर शंभर जणांना घरी पाठवलं, त्यात हिचाही नंबर लागला. मग ती नाशिकला आईवडिलांकडे येऊन राहिली आणि तासिका तत्त्वावर इथं पायथन ही संगणकाची भाषा शिकवायला लागली. घरी ती म्हणायची, "टाइमपास आहे, दुसरं मिळेपर्यंत." दुसरं काही मिळत नव्हतं.

सगळ्यात जास्त डोक्यात जायचं ते जर्नल. देवरे सर विभागप्रमुख होते आणि जर्नल हा त्यांचा जीव की प्राण. संगणकाचा प्रोग्रॅम वहीत हातानं उतरवायचा. डावं पान कोरं, त्यावर पेन्सिलीनं आउटपुट. उजव्या पानावर काळ्या शाईनं प्रोग्रॅम. समासाची लाल रेघ पट्टीनं, दुहेरी. शीर्षक निळ्यात. आणि प्रत्येक नव्या पानाची पहिली ओळ समासाला चिकटून, कारण "पान कसं भरल्यासारखं दिसलं पाहिजे, मॅडम." या नियमांवर वीस गुण. प्रोग्रॅम चालतो का, याला शून्य. पोरंही हुशार, मागच्या वर्षीच्या पोरांची जर्नलं जशीच्या तशी उतरवायची, आणि मागच्यांनी त्यांच्या मागच्यांची उतरवलेली.

"इथं कोड लिहीत नाहीत, रांगोळ्या काढतात," तेजस्विनी स्टाफरूममध्ये सर्वांसमोर म्हणायची. देवरे सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि चहात बिस्किट बुडवायचे. जर्नल तपासायची पाळी आली की ही न उघडताच शेवटच्या पानावर सही ठोकायची. तिनं एकही जर्नल वाचलं नव्हतं. असली घाण वाचायची कशाला?

तिच्या तासाला नियम वेगळे. ओळ आत सरकवायची तर चार स्पेस, तीन नाही आणि पाच नाही. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा. नावं अर्थाची द्यायची. `A`, `aa`, `aaa` दिसलं की ती फळ्यावर लिहून वाचून दाखवायची, नाकात बोलत. पोरं हसायची. आपल्यावर पाळी येईपर्यंत सगळ्यांनाच हसू येतं.

"पायथनमध्ये कंस नाहीत," ती पहिल्याच तासाला सांगायची. "कुठली ओळ कुणाच्या पोटात आहे, हे फक्त ती किती आत सरकलीय त्यावरून कळतं. लूपच्या, म्हणजे फेऱ्यांच्या, पोटातली ओळ शंभर वेळा चालेल. तीच ओळ समासाला आणून चिकटवलीत, तर लूप संपल्यावर एकदाच चालेल. मशीन तुमची मावशी नाही, समजून घ्यायला. कळलं?"

कळलं, असं पोरं म्हणायची. तेजस्विनीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

तिच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गात हर्षाली अहिरे होती. देवळ्याची. बारावीनंतर दोन वर्षं मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात मशीनपाशी उभी राहिलेली, मग घरच्यांशी भांडून नाशिकला आलेली, मखमलाबाद नाक्याजवळ तीन पोरींत एका खोलीत राहणारी. घरच्यांनी तोंडावर सांगितलं होतं, तिसरं वर्ष संपेपर्यंत नोकरी लागली तर राहा, नाहीतर मामाचं दुकान आहेच. ती हे कुणाला रडून सांगत नव्हती. मशीनच्या उष्णतेनं उन्हाळ्यात कपाळावर पुरळ यायचं, तेवढं मात्र एकदा मैत्रिणीला सांगताना तेजस्विनीच्या कानावर पडलं होतं.

जानेवारीत बातमी आली. अंबडमधली एक छोटी कंपनी, गोदामांसाठी सॉफ्टवेअर करणारी, कॉलेजात येणार. लेखी परीक्षा, मग बोलणं, आणि एक जागा. एकच. कॉलेजच्या नऊ वर्षांच्या इतिहासात कुणी स्वतःहून आलं नव्हतं, त्यामुळे देवरे सरांनी फाटकावर फलक लावला आणि संगणकांवरची कापडं धुवायला दिली. परीक्षा कागदावर, कारण मुलं बेचाळीस आणि संगणक अकरा.

हर्षालीनं त्या दिवसापासून मान वर केली नाही. बसमध्ये वही, मधल्या सुट्टीत वही. आणि ती वही एक दिवस तेजस्विनीच्या हातात पडली.

पानं बघून ती चाट पडली. हर्षालीनं प्रत्येक पानावर वरून खालपर्यंत पेन्सिलीनं उभ्या रेघा मारलेल्या. समासापासून बोटभर अंतरावर एक, त्यापुढे दुसरी, त्यापुढे तिसरी. लूपच्या आतल्या ओळी पहिल्या रेघेला धरून, त्याच्याही आतल्या दुसऱ्या रेघेला धरून. पानच्या पान असं आखलेलं.

"हे काय आहे गं?" तेजस्विनीनं वही उंच धरली. "कुंडली मांडलीस का प्रोग्रॅमची? कुठल्या घरात कोण बसलंय, शनी कुठाय?"

वर्ग फिस्सकन हसला.

"मॅडम, ते पान उलटलं की..." हर्षाली उभी राहून म्हणाली.

"पान उलटायचंच कशाला? संगणकावरचा एडिटर पान उलटतो का? हे जर्नलचं खूळ घरी ठेवून ये. सात वर्षं मी शेकडो लोकांचा कोड वाचलाय, अशी आखणी केलेला एकही माणूस पाहिला नाही. लहान पोरं बाराखडी गिरवतात ती अशी."

"पण मॅडम, पुढच्या पानावर..."

"खोडरबर आहे?"

"आहे."

"खोड. सगळ्या. आत्ता, इथं."

आणि तो पूर्ण तास हर्षाली रेघा खोडत बसली. बाकीचा वर्ग याद्या आणि लूप शिकत होता आणि मधूनमधून रबराचा घास्सघास्स आवाज येत होता. तेजस्विनीला एकदा वाटलं की पुरे म्हणावं. मग वाटलं, नको, एकदाच काय ते डोक्यात बसू दे. तास संपताना ती सर्वांना उद्देशून म्हणाली, "पेपर मीच तपासणार आहे. असली एक रेघ जरी दिसली, तरी तो पेपर मी बाजूला ठेवीन." म्हणताना ती हर्षालीकडे बघत होती.

परीक्षेच्या दिवशी कंपनीकडून इमरान शेख आला. पस्तिशीचा, शांत, सिन्नरचा. देवरे सरांनी त्याला शाल घालायचा प्रयत्न केला, त्यानं ती घडी घालून खुर्चीवर ठेवली. पोरं वर्गात पेपर लिहीत होती तेव्हा तो तेजस्विनीपाशी लॅबमध्ये बसला. तपासायचं कसं, हे त्यानं तिलाच विचारलं.

"सरळ आहे," तेजस्विनी म्हणाली. "कागदावर जे आहे, जिथं आहे, तसंच मशीनमध्ये टाकायचं. चाललं तर गुण, नाहीतर शून्य. त्याला काय म्हणायचं होतं वगैरे दया दाखवायची नाही. मशीन दाखवतं का?"

"कडक आहात," इमरान हसून म्हणाला. "पण बरोबर आहे. आमच्याकडे एकाच्या आळशीपणामुळे मागं अर्धा दिवस ट्रक उभे राहिले होते. असंच करू."

मग ती सुटलीच. जर्नलच्या शाया सांगितल्या, दुहेरी समास सांगितला, फुलाफुलांची कापडं सांगितली. देवरे सर पलीकडच्या टेबलावर हजेरीपटात डोकं घालून बसलेले, त्यांचे कान लाल झालेले दिसत होते. इमरान ऐकत होता, हसत होता, मधेच "तुमच्यासारखं इथं कुणी असेल असं वाटलं नव्हतं" म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी इंजिनिअर म्हणून बोलत होतं. ती खुलली. का नाही खुलणार?

बाहेर हर्षाली पेपर देऊन आली होती. व्हरांड्यात कठड्याला टेकून आईला फोनवर सांगत होती, "भारी गया व माय, दोन्ही जमले." आवाज लॅबपर्यंत आला. इमराननं मान वर करून बघितलं.

"देवळ्याची," तेजस्विनी म्हणाली. "वेंधळी आहे, पण डोकं आहे."

पेपर तपासायला घेतले. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं. पहिला प्रश्न सोपा, बऱ्याच जणांना आला. दुसरा खरा. गोदामातल्या खोक्यांची यादी दिली होती. एकेक खोकं बघायचं, फुटकी सोडून द्यायची, राहिलेल्यांची वजनं बेरजेत धरायची. उत्तर यायला हवं चारशे सत्तर किलो.

अकराव्या पेपराला इमरान थांबला. "मॅडम, हे बघा. याचंही तसंच."

"काय?"

"पान उलटलं की गडबड होतेय. पहिल्या पानावर सगळं ठीक. लूप चालू आहे. पुढच्या पानावर गेला, की पहिली ओळ थेट समासाला. लूपच्या बाहेर. बेरजेची ओळच बाहेर पडते, मग शेवटच्या खोक्याचं वजन तेवढं येतं. बारा. मघापासून सहा जणांचं बाराच येतंय."

तेजस्विनीनं पेपर हातात घेतला. मग आधीचे पाच घेतले. सगळीकडे तेच. नव्या पानाची पहिली ओळ समासाला चिकटून. पान भरल्यासारखं दिसलं पाहिजे ना!

"तुमच्या पोरांना हे कुणी शिकवलं?" इमराननं विचारलं.

तिनं पेपर खाली ठेवले. तीन वर्षं पोरांनी हेच गिरवलेलं. दर पंधरवड्याला एक जर्नल, प्रत्येक जर्नलात पंधरा-वीस वेळा पान उलटलेलं, आणि प्रत्येक वेळी ओळ समासाला. तिनं उघडून बघितलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. पण तिला त्या वह्यांची घाण येत होती. आणि बेचाळीस जणांत एकीला ते दिसलं होतं, जिनं देवळ्यात दोन वर्षं दुसऱ्यांच्या वह्या काचेवर उलट्या ठेवून त्यांच्या प्रती काढल्या होत्या. तिनं त्यावर आपल्या परीनं उपायही काढला होता. उभी रेघ. पान उलटलं तरी रेघ तिथंच, ओळ तिलाच धरून लिहायची. इतकं सरळ.

एकोणतिसावा पेपर हर्षालीचा होता.

पहिला प्रश्न चोख, नावं अर्थाची, बेचाळिसांत इतका स्वच्छ कुणाचाच नव्हता. इमरान "वा" म्हणाला. दुसऱ्या प्रश्नात तिनं फुटक्या खोक्यांबरोबर रिकामी खोकीही वेगळी काढलेली, जे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. म्हणून तिचा प्रोग्रॅम लांबला होता. म्हणून तो पहिल्या पानावर मावला नव्हता. तेजस्विनीनं पान उलटलं. बेरजेची ओळ समासाला चिकटून होती.

"अरेरे," इमरान म्हणाला. टाइप केलं, चालवलं, बारा आले. त्यानं पेपर उजेडाकडे धरला. "आणि हे काय खोडलंय? पहिल्या पानावर वरपासून खालपर्यंत. रेघ मारून खोडलेली दिसतेय. दुसऱ्या पानावर काही नाही."

तेजस्विनी बघत राहिली. खोडलेल्या जागी कागद थोडा खरबरीत झाला होता. म्हणजे पोरगी सवयीनं पहिल्या पानावर रेघ मारून बसली, मग आठवलं कोण तपासणार आहे ते, आणि खोडली. दुसऱ्या पानावर मारायची हिंमतच झाली नाही. घाईत तीन वर्षांची हाताची सवय आली आणि ओळ घेऊन गेली समासाला.

"काही कारण असेल तर सांगा, मॅडम," इमरान म्हणाला. "या मुलीचं काम सगळ्यांत चांगलं आहे. मी तिला पाच मिनिटं आत बोलावतो, विचारतो, काय झालं. माझी काही हरकत नाही."

पलीकडे देवरे सरांचं पेन थांबलं होतं. सरांनी मान वर केली नाही, पण ते ऐकत होते, हे तिला कळत होतं. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की हिनं मला दोनदा सांगायचा प्रयत्न केला आणि मी तिच्या रेघांना वर्गासमोर शनीची कुंडली म्हटलं? की ज्या जर्नलवर मी मघापासून तोंडसुख घेतेय, ते मी एकदाही वाचलेलं नाही? या माणसासमोर, जो आत्ताच म्हणाला, तुमच्यासारखं इथं कुणी असेल असं वाटलं नव्हतं?

"रफ काम असेल," ती म्हणाली. "खोडलंय ना."

"नक्की?"

"आपण नियम ठरवलाय. एकीसाठी मोडला तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

इमराननं क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग दुसऱ्या प्रश्नापुढे शून्य लिहिलं. देवरे सरांनी पेन पुन्हा चालू केलं.

जागा ओम कासारला मिळाली. ओम बरा पोरगा होता, त्याच्याबद्दल वाईट बोलायचं कारण नाही. त्याचं अक्षर मुंगीएवढं बारीक, त्यामुळे दोन्ही प्रश्न एकेका पानावर संपले आणि पान उलटायची वेळच आली नाही. रिकामी खोकी त्याला सुचली नव्हती, पण उत्तर चारशे सत्तर आलं होतं. इमराननं त्याच्याशी दहा मिनिटं बोलून हात मिळवला. देवरे सरांनी घडी घातलेली शाल ओमच्या खांद्यावर टाकली आणि फोटो काढले. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

इमरानची गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा तेजस्विनी लॅबमध्येच होती. संगणक बंद करत होती, एकेक. धावत खाली जावं, गाडी थांबवावी, असं तिला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तिनं पुढच्या संगणकाचं बटण दाबलं.

हर्षाली आत आली. तिच्या हातात पेपर होता. देवरे सरांनी बघायला दिला असावा.

"मॅडम, येऊ का?"

"ये ना."

ती आली आणि टेबलाच्या या बाजूला उभी राहिली. रडलेली वगैरे नव्हती. तेजस्विनीनं सगळी तयारी केली होती. पुढच्या वेळचं सांगायचं, दुसऱ्या कंपन्या येतील, मी स्वतः तुझं नाव सुचवीन, असं बरंच काही.

"चूक कळली मला," हर्षाली म्हणाली. "बेरजेची ओळ बाहेर पडली. मलाच कळायला पाहिजे होतं."

"अगं, होतं असं. घाईत..."

"देवरे सर म्हणाले, त्या सरांनी विचारलं होतं काय खोडलंय ते. मला आत बोलावतो म्हणत होते."

म्हाताऱ्यानं सांगितलं तर. दोन वर्षं बिस्किट बुडवून बुडवून त्यानं आज उट्टं काढलं, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच तिची तिलाच शिसारी आली. कारण म्हातारा खोटं बोलला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "विचारलं होतं."

"तुम्ही काय सांगितलं?"

बाहेर कुणीतरी ओमला खांद्यावर घेतलं होतं, आरडाओरडा चालला होता. तेजस्विनी टेबलावरचे पेपर सारखे करायला लागली. ते सारखेच होते.

"रफ असेल, म्हटलं."

हर्षालीनं पेपरची घडी घातली, मग परत उलगडली, आणि टेबलावर बाकीच्या पेपरांवर ठेवून दिला. "तुम्हाला माहीत होतं ना, ते रफ नव्हतं?"

"हो."

"बरं," हर्षाली म्हणाली. तिनं दप्तर खांद्यावर घेतलं. दारापर्यंत गेली आणि वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता, असता तर तेजस्विनीला बरं वाटलं असतं. रोज वर्गात आपण या पोरांकडे ज्या नजरेनं बघतो, ती नजर समोरून कशी दिसते, हे तिला पहिल्यांदा कळलं.

"सगळे म्हणायचे, मॅडम फार तुसड्या आहेत," हर्षाली म्हणाली. "मी त्यांच्याशी भांडायचे. मला वाटायचं, तुम्ही नुसत्या कडक आहात."

आणि ती देवळ्याची एसटी गाठायला निघून गेली.